न्यूरोफीडबॅकचं सत्र: टेप लावण्यापासून थांबण्यापर्यंत

न्यूरोफीडबॅकमध्ये डोक्यात काहीही सोडत नाहीत, वीजही नाही आणि चुंबकही नाही. टाळूवर चिकटवलेला इलेक्ट्रोड फक्त मोजतो. त्या मोजमापातून संगणक एखादी ठरावीक लय वेगळी काढतो आणि ती पुरेशी वाढली की पडद्यावरची गाडी पुढे जाते किंवा टिंग वाजतं. असं बक्षीस पुन्हा पुन्हा मिळालं की मेंदू ती लय जास्त वेळा धरू लागतो आणि त्यामुळे त्रास कमी होतो, असा यामागचा दावा. या दाव्यात दोन जागा कच्च्या आहेत. यंत्र मोजतंय ती लय मेंदूचीच आहे का, की जबड्याच्या स्नायूची? आणि माणसाला बरं वाटलं ते त्या लयीमुळेच का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सत्र घेणाऱ्याच्या हातात असतं. दुसऱ्याचं शोधायचं तर पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवाव्या लागतात.

उदाहरण घेतलंय ते एसएमआर प्रशिक्षणाचं, कारण सगळ्यात जुनी आणि आजही सर्रास वापरली जाणारी पद्धत तीच. एसएमआर म्हणजे १२ ते १५ हर्ट्झची लय. शरीर स्तब्ध पण माणूस जागा असताना ती डोक्याच्या मधल्या पट्ट्यावर, म्हणजे हालचाल आणि स्पर्श सांभाळणाऱ्या भागावर दिसते. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना ही लय वाढवायला शिकवलं. पुढे रॉकेटच्या इंधनातल्या विषारी हायड्राझिनवर प्रयोग करताना दिसलं, की शिकलेल्या मांजरांना झटके उशिरा येतात किंवा येतच नाहीत. १९७२मध्ये आकडीच्या पहिल्या रुग्णाचा अहवाल आला आणि १९७६मध्ये जोएल लुबार यांनी अतिचंचल मुलावर तीच पद्धत वापरली.

कुणाला बसवायचं, कुणाला नाही

एडीएचडीसाठी (लक्ष न लागणं आणि अतिचंचलता) लोक सगळ्यात जास्त येतात, म्हणून तिथलं चित्र आधी. २०२१मध्ये अमेरिकेत ७ ते १० वर्षांच्या १४४ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाला थीटा-बीटा पद्धतीचं (मंद थीटा लय कमी, जलद बीटा लय जास्त करणारं) खरं प्रशिक्षण, दुसऱ्याला दिसायला हुबेहूब पण दुसऱ्याच मुलाच्या आधी नोंदवलेल्या ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या नोंदीवर, चालणारं लुटुपुटूचं प्रशिक्षण. दोन्हीकडे ३८ सत्रं. दोन्ही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच सुधारले. डिसेंबर २०२४मध्ये ‘जामा सायकियाट्री’ने ३८ चाचण्यांचा, २,४७२ जणांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. ज्यांना कोण कुठल्या गटात आहे हे बहुधा माहीत नव्हतं, अशा निरीक्षकांच्या गुणांत म्हणण्याजोगा फरक सापडला नाही. निद्रानाशावर २०१७च्या ऑस्ट्रियातल्या ३० जणांच्या अभ्यासातही खरं आणि लुटुपुटूचं प्रशिक्षण बरोबरीत सुटलं. मानसिक आघातानंतरच्या त्रासावर २०१६चा ५२ जणांचा अभ्यास आशादायक होता, पण त्यात तुलना नुसतं थांबून राहिलेल्या लोकांशी होती, त्यामुळे भरवशाचा परिणाम किती आणि यंत्राचा किती हे त्यातून वेगळं निघत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या आकडीवरचे अभ्यास उत्साहवर्धक आहेत, मात्र छोटे.

याचा व्यवहारातला अर्थ आमच्या मते असा: न्यूरोफीडबॅक हा चालू उपचारांना जोड म्हणून, खर्च परवडत असेल तर, थांबायची तारीख आधीच ठरवून करून बघायचा प्रकार आहे. औषधाऐवजी म्हणून तो विकणारा माणूस एक तर वाचत नाही किंवा खोटं बोलतो.

सुरुवातीलाच या गोष्टी तपासून घ्या. चष्म्याचा नंबर, ऐकू येणं, हिमोग्लोबिन, थायरॉइड, आणि झोप. घोरणाऱ्या, तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे पाठवा; वाढलेल्या टॉन्सिलमुळे रात्रभर झोप मोडत असेल तर दिवसा लक्ष लागणारच नाही. वाचन-लेखनाची अडचण असलेलं मूलही वर्गात ‘लक्ष नसलेलं’च दिसतं. भ्रम-भास चालू असलेले, उन्मादाच्या अवस्थेतले, किंवा न्यूरॉलॉजिस्टनी अजून न तपासलेली नवी आकडी असलेले रुग्ण या खुर्चीवर बसवायचे नाहीत. आत्महत्येचे विचार येत असतील तर सत्राची तारीख देऊ नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठून द्या. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. आणि चालू औषधाचा डोस सत्र घेणाऱ्याने बदलायचा नसतो, सुचवायचाही नसतो.

साहित्य आणि खोली

अ‍ॅम्प्लिफायर असा हवा, की जो सेकंदाला किमान २५६ नमुने घेतो, कच्चा सिग्नल पडद्यावर दाखवतो आणि इम्पीडन्स, म्हणजे इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यामध्ये विजेला होणारा अडथळा, मोजतो. कच्चा सिग्नल न दाखवता थेट खेळच दाखवणारं यंत्र घेऊ नका. कपाळावर बसणारे ध्यानासाठीचे हेडबँड या कामाचे नाहीत. त्यांचे इलेक्ट्रोड कपाळावर आणि कानामागे असतात, एसएमआरची जागा टाळूवर आहे. शिवाय कपाळाचा स्नायू त्यांच्या अगदी खालीच असतो.

इलेक्ट्रोड तीन लागतात: सिल्व्हर-क्लोराइडचे किंवा सोन्याचा मुलामा दिलेले, पण तिन्ही एकाच धातूचे. दोन वेगळे धातू पेस्टमध्ये बसले की त्यांच्यातच छोटी बॅटरी तयार होते आणि रेघ हळूहळू वर-खाली वाहत राहते. याखेरीज टेन-ट्वेंटीसारखी चिकट वाहक पेस्ट, न्यूप्रेपसारखं खरखरीत जेल, गॉज, कापसाच्या काड्या, स्पिरिट, शिंप्याची कापडी टेप आणि खूण करायला भुवईची पेन्सिल. स्पीकर तारेचा घ्या. ब्लूटूथचा आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाने, कधी त्याहूनही उशिरा पोचतो. लय वर गेली त्या क्षणाचं बक्षीस ती खाली आल्यावर मिळालं, तर मेंदूने नेमकं काय शिकायचं?

टाळूवरचा ईईजी साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा असतो आणि आजूबाजूला २३० व्होल्टच्या तारा. त्यामुळे खोलीकडे लक्ष द्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, अमेरिकेतली ६०ची; तिकडच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉच फिल्टर (विजेच्या तारांची लहर गाळून टाकणारा) ६०वर राहिलेला असू शकतो, तो आधी ५०वर आणा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर लावून आणि काढून एकदा स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झला किती जोर, याचा आलेख) बघा, ५० हर्ट्झचा सुळका कमी-जास्त होताना दिसेल. जुनी ट्यूबलाइट, डिमर, खुर्चीखालून गेलेली एक्स्टेन्शन बोर्डाची वायर, खिशातला मोबाइल यांची शंका घ्या. लाइट गेल्यावर स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर सत्र पुढे रेटू नका. त्याची वीज नितळ नसते आणि फिल्टरला पुरून उरते. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, खोली अर्धा तास आधी थंड करून ठेवा. घामाने त्वचेवरचा विद्युतदाब बदलत राहतो आणि रेघेवर मंद, मोठ्या लाटा येतात. सॉफ्टवेअर त्यांना मेंदूच्या मंद लयी समजतं.

डोकं

आपल्याकडे सत्र बिघडवणारी पहिली गोष्ट म्हणजे खोबरेल तेल. तेलाचा थर वीज अडवतो. आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी साध्या शाम्पूने केस धुवायचे, नंतर तेल, कंडिशनर, जेल काही नाही, आणि केस पूर्ण वाळलेले हवेत. हे फोनवर सांगून भागत नाही. ‘तेल नको’ म्हटलं की ‘थोडंसंच लावलंय’ असं उत्तर हमखास येतं. पहिल्या भेटीत लिहून द्या. तरीही मूल तेल लावून आलं तर स्पिरिटच्या गॉजने ती जागा दोन-तीनदा पुसा; इम्पीडन्स तरीही उतरला नाही तर त्या दिवशी सत्र रद्द. घट्ट वेण्या सोडा. कुड्या, डूल काढा, कारण कानाची पाळी लागणार आहे.

आता जागा. टेन-ट्वेंटी पद्धतीने, म्हणजे डोक्याच्या मापाच्या टक्क्यांत जागा ठरवून, मोजायचं. नाक कपाळाला जिथे मिळतं तो भुवयांमधला खळगा हा एक बिंदू. डोक्याच्या मागे, मानेच्या वर हाताला लागणारा हाडाचा उंचवटा हा दुसरा. हे अंतर डोक्यावरून मोजा. ३६ सेंटिमीटर आलं, तर १८वर खूण. मग एका कानापुढच्या खळग्यापासून (तोंड उघडल्यावर बोट आत जातं तो) दुसऱ्या कानापुढच्या खळग्यापर्यंत, पहिल्या खुणेवरून टेप नेत. ३४ आलं, तर १७वर खूण. दोन्ही खुणा मिळतात ती जागा सीझेड. सी४ हवा असेल तर त्याच आडव्या रेषेवर सीझेडपासून उजवीकडे एकूण अंतराच्या २० टक्के, म्हणजे ६.८ सेंटिमीटर. अंदाजाने ‘टाळूचा मध्य’ धरून चालत नाही. दर सत्राला जागा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर हलली की आकड्यांची आपापसात तुलनाच करता येत नाही.

खुणेवर केसांचा भांग पाडा. जेल लावलेल्या काडीने त्वचा दहा-बारा वेळा हलकेच घासा. लाली आली तर चालेल, ओरखडा नको. जेल पुसून टाका. इलेक्ट्रोडच्या वाटीत हरभऱ्याएवढी पेस्ट भरून तो त्वचेवर दाबा, वर गॉजचा छोटा चौकोन ठेवा. दुसरा इलेक्ट्रोड डाव्या कानाच्या पाळीवर संदर्भ म्हणून, तिसरा उजव्या पाळीवर ग्राउंड. या ग्राउंडचा भिंतीतल्या अर्थिंगशी काही संबंध नाही. तो अ‍ॅम्प्लिफायरमध्येच जातो आणि तिथेच राहायला हवा.

प्रत्येक जोडीचा इम्पीडन्स ५ किलोओहमच्या खाली आणि एकमेकांतला फरक १ ते २ किलोओहमच्या आत असावा. जास्त आला की लोक टाळूवरचा इलेक्ट्रोड काढून पुन्हा लावत बसतात. आधी कान बघा. पाळी पुसायची, घासायची राहिलेली असते. पेस्टही जरा हात राखूनच वापरा: दोन इलेक्ट्रोड जवळजवळ असताना पेस्ट पसरून एकमेकींना भिडली तर ते दोन न राहता एकच होतात आणि पडद्यावर सरळ रेघ दिसते. ती शांत मेंदूची खूण नव्हे.

खेळ सुरू करण्याआधी

या पाच मिनिटांत घाई केली की पुढचं सगळं वाया. कच्चा सिग्नल मोठा करा आणि समोरच्याला एकेक गोष्ट करायला सांगा. पाच वेळा डोळे मिचकाव: प्रत्येक मिचकावणीला एक मोठी, गोलसर लाट. कपाळाजवळ ती १०० मायक्रोव्होल्टच्याही वर जाते, सीझेडवर लहान दिसते. दात आवळ: रेघ एकदम जाड, काळी, केसाळ होते. भुवया उंचाव, आवंढा गीळ, मान वळव. आता तार हातात धरून हलवा. शेवटी डोळे मिटून वीस सेकंद शांत बस: बहुतेकांत ८ ते १२ हर्ट्झची अल्फा लय वाढते, डोळे उघडताच उतरते. माणसाचा ईईजी पहिल्यांदा नोंदवणारे हान्स बर्गर यांनी आपल्या सुरुवातीच्या निबंधांतच नोंदवलेली हीच गोष्ट. ती दिसली की यंत्राला मेंदू ‘ऐकू येतोय’ याची निदान एक खूण मिळाली. काही निरोगी माणसांत अल्फा मुळातच कमी असते, म्हणून नुसती ती दिसली नाही एवढ्यावरून यंत्राला दोष देऊ नका.

जबड्याचं प्रकरण सविस्तर सांगायला हवं, कारण नवख्या केंद्रात ‘सुंदर प्रगती’ बऱ्याचदा तिथून येते. चावायच्या स्नायूंची वीज २० हर्ट्झच्या आसपासपासून थेट शेकडो हर्ट्झपर्यंत पसरलेली असते, तिची शेपटी खाली १२-१५च्या पट्ट्यातही उतरते, आणि मेंदूच्या लयीपेक्षा ती कितीतरी मोठी असते. मुलाला गाडी पुढे न्यायची आहे. कधीतरी त्याचे दात आवळले जातात, गाडी धावते. त्याने काही ठरवलेलं नसतं, पण तिसऱ्या-चौथ्या सत्रापर्यंत तो दात आवळायला पक्का शिकलेला असतो. आलेख चढता, आईवडील खूश, आणि मूल घरी जाऊन कानशिलं दुखतात म्हणतं. ओळखायचं कसं? एसएमआर आणि २२ ते ३० हर्ट्झचा पट्टा एकदमच वर जातात. कानशिलावर हलकी थडथड दिसते. खरी एसएमआर वाढते तेव्हा वरचा पट्टा जागेवर राहतो. उपाय साधे आहेत: ओठ मिटलेले पण दात सुटे, जीभ खालच्या दातांमागे सैल, पाठीला टेका, मानेला आधार, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट. आणि २२ ते ३० हर्ट्झवर ‘दाबायची’ अट कायम ठेवा, म्हणजे स्नायू ताठले की बक्षीस बंद. सीझेडचा एक फायदा असा, की टाळूच्या मध्यावर मोठा स्नायू नाही.

मिचकावण्याची गंमत उलटी आहे. मिचकावण्याची लाट ४ ते ८ हर्ट्झच्या थीटा पट्ट्यात सांडते, आणि एसएमआर वाढवताना थीटा तर आपण दाबतोय (ती अट पुढे येते). मग मिचकावलं की बक्षीस थांबतं आणि मूल डोळे ताणून पडद्याकडे बघत बसायला शिकतं. डोळ्यांतून पाणी, मग डोकेदुखी. मोठी लाट आली की ते अर्धं-एक सेकंद हिशेबातूनच वगळायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. ती वापरा, आणि ‘हवं तेव्हा मिचकाव’ हे स्पष्ट सांगा.

थ्रेशोल्ड

आधी तीन मिनिटं डोळे उघडे, खेळ बंद, नुसती नोंद. ही बेसलाइन. तिच्या आधाराने तीन अटी लावायच्या. एसएमआर थ्रेशोल्डच्या, म्हणजे बक्षिसासाठी ठरवलेल्या पातळीच्या, वर जवळपास ६५ टक्के वेळ असेल अशी पहिली. थीटा आपल्या थ्रेशोल्डच्या खाली ८० टक्के वेळ, २२-३० हर्ट्झ खाली ८५ टक्के वेळ, अशा पुढच्या दोन. तिन्ही एकाच वेळी पाळल्या गेल्या आणि अर्धा सेकंद टिकल्या तरच टिंग. इथे गणित करून बघा. तिन्ही अटी एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर ०.६५ × ०.८० × ०.८५ म्हणजे सुमारे ०.४४. कागदावर ६५ टक्के दिसणारं बक्षीस मुलाच्या वाट्याला ४४ टक्केच येतं, आणि अर्ध्या सेकंदाच्या अटीने त्याहूनही कमी. मूल पाच मिनिटांत कंटाळलं तर त्याच्या ‘इच्छाशक्ती’बद्दल बोलण्याआधी हा गुणाकार तपासा. मिनिटाला दहा ते वीस टिंग साधारण बरे पडतात.

ऑटो-थ्रेशोल्ड नावाची सोय मोहात पाडते. बक्षीस नेहमी अमुक टक्के राहावं म्हणून सॉफ्टवेअर थ्रेशोल्ड आपोआप वर-खाली करतं. मूल थकून एसएमआर खाली आली की अटही खाली येते आणि टिंग वाजतच राहतं. म्हणजे लय घसरत असतानाही शाबासकी चालू. अट सत्रभर स्थिर ठेवा. बदलायचीच तर दोन फेऱ्यांच्या मध्ये, हाताने, किती केली ते लिहून.

प्रत्यक्ष सत्र

एकूण ४५ मिनिटं धरा. लावायला आणि तपासायला १५, बेसलाइन ३, मग चार-चार मिनिटांच्या पाच फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. मुलाला ‘लक्ष दे’, ‘एकाग्र हो’ असं सांगायचं नाही; त्याने कपाळावर आठ्या आणि दात आवळणं याशिवाय काही निष्पन्न होत नाही. ‘जोर लावू नकोस, टिंग वाजतं तेव्हा तुझं काय चाललेलं असतं ते फक्त बघ’ एवढं पुरे. मोठ्यांनाही तेच. मागे बसून ‘अरे बघ, गाडी थांबली’ म्हणणाऱ्या पालकांना नम्रपणे बाहेर बसवा.

पाचवी फेरी वेगळी ठेवा: पडदा बंद, आवाज बंद, मूल शाळेचं पुस्तक वाचतंय, यंत्र फक्त नोंदतंय. खेळाबाहेर ती लय धरता येते का, याचा अंदाज इथेच येतो. आठवड्याला दोन किंवा तीन सत्रं, एकूण ३० ते ४० हा रुळलेला क्रम आहे.

सत्र झालं की कोमट पाण्याने पेस्ट पुसा. इलेक्ट्रोड लगेच धुवा. वाळलेली पेस्ट नखाने किंवा तारेच्या घासणीने खरवडली की क्लोराइडचा थर निघतो आणि पुढच्या वेळी रेघ वाहू लागते. मऊ टूथब्रश, कोमट पाणी, निर्जंतुक द्रवाने पुसणं, आणि लटकवून वाळवणं. पाण्यात वाटी बुडवायची, तारेचं टोक नाही.

बिघडलं तर

सत्रानंतर हलका थकवा येतो, जातो. डोकेदुखी बहुधा ताणून बघितल्याने किंवा दात आवळल्याने. वरच्या गोष्टी तपासा. रात्री झोप लागत नसेल, चिडचिड वाढली असेल तर सत्र संध्याकाळऐवजी दुपारी घ्या, फेऱ्या तीनवर आणा. त्रास दुसऱ्या दिवशीही राहिला, किंवा सलग दोन सत्रांनंतर तोच आला, तर प्रशिक्षण थांबवून संबंधित डॉक्टरांना कळवा. आकडीच्या रुग्णात थीटा वाढवायचं बक्षीस कधीही ठेवू नका. डोळे मिटून करायचं अल्फा-थीटा प्रशिक्षण आघाताच्या आठवणी उसळवू शकतं. ते मानसोपचाराचं खास प्रशिक्षण असलेल्या माणसानेच करावं, तंत्रज्ञाने एकट्याने नाही.

सत्रातच फिट आली तर: तार अ‍ॅम्प्लिफायरकडून सोडवा, माणसाला जमिनीवर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, वेळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही, मदतीला मात्र उशीर होतो. पाच मिनिटं उलटली, लागोपाठ दुसरी आली किंवा आयुष्यातली पहिलीच असेल, तर १०८.

नोंदी आणि केंद्राची पारख

प्रत्येक सत्राचा एक कागद: तारीख-वेळ, जागा, इम्पीडन्सचे आकडे, बेसलाइन, तिन्ही थ्रेशोल्ड, प्रत्येक फेरीतली एसएमआर, थीटा आणि वरचा पट्टा, आदल्या रात्रीची झोप, औषधाची वेळ, चहा-कॉफी. शिकणं झालं का, हे एकाच सत्रातल्या पहिल्या आणि चौथ्या फेरीच्या फरकावरून आणि बेसलाइनच्या आठवड्यांमधल्या बदलावरून बघतात. बऱ्याच जणांची लय चाळीस सत्रांतही हलत नाही. आणि काहींची हलते, पण वागण्यात काही बदलत नाही.

म्हणून लक्षणांचं माप वेगळं. मुलांसाठी व्हॅन्डरबिल्ट किंवा कॉनर्स प्रश्नावली, सुरुवातीला, दहाव्या, विसाव्या आणि शेवटच्या सत्राला. पालकांच्या गुणांपेक्षा शिक्षकांच्या गुणांवर जास्त भिस्त ठेवा. ज्यांनी पैसे आणि संध्याकाळी घातल्यात त्यांना सुधारणा दिसतेच. सोबत मोजता येईल असं एक-दोन ठेवा, जसं गृहपाठ संपायला लागलेली मिनिटं. विसाव्या सत्राला शिक्षकांचे गुण जागेवर आणि एसएमआरही जागेवर असेल, तर थांबा. हे पहिल्याच दिवशी पालकांना लिहून द्या. सुधारणा दिसली तरी लगेच श्रेय वाटू नका: लोक त्रास टिपेला असताना येतात आणि टिपेनंतर उतार येतोच, पाच महिन्यांत मूल मोठं होतं, ठरल्या वेळी झोपतं, आठवड्यातून दोनदा एक मोठा माणूस त्याच्याजवळ शांतपणे बसतो.

केंद्र निवडणाऱ्या पालकांनी विचारावं: कुठल्या जागेवर कुठला पट्टा आणि का? कच्चा सिग्नल दाखवाल का? थ्रेशोल्ड कोण ठरवतं? चाळीस सत्रांचे एकूण पैसे किती, आणि विसाव्याला थांबलो तर उरलेले परत मिळतात का? निदान करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदलेला आहे का? यंत्र विकणाऱ्या कंपनीचं प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट म्हणजे उपचाराचा परवाना नव्हे.

रंगीत ‘ब्रेन मॅप’ हातात ठेवून लाल ठिपक्यांकडे बोट दाखवलं जाईल, तेव्हा एक हिशेब करा. १९ जागा, प्रत्येकी पाच पट्टे, म्हणजे ९५ आकडे. निव्वळ योगायोगाने ठणठणीत माणसाचेही चार-पाच आकडे ‘सामान्य’च्या बाहेर पडतात. थीटा-बीटा गुणोत्तरावरून एडीएचडीचं निदान करू नये, असा सल्ला अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीने २०१६मध्ये दिलेला आहे.

सुरुवात कधी करायची यालाही महत्त्व आहे. जूनमध्ये वर्ग बदलला की शिक्षक बदलतात आणि नवे शिक्षक मुलाला ओळखत नसतात. जुलैअखेर पहिली प्रश्नावली भरून घ्या आणि ऑगस्टमध्ये सत्रं सुरू करा. आठवड्याला दोन धरली तर चाळीस सत्रांना वीस आठवडे. गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्या धरून जानेवारीच्या मध्यापर्यंत संपतात. मग सत्रं पूर्ण बंद असताना, मार्चअखेर, वार्षिक परीक्षेच्या आधी, त्याच शिक्षकांकडून तीच प्रश्नावली पुन्हा एकदा भरून घ्या.